उचल आणि बक्षीस

"उगं ऱ्हावा, मुकादम. त्याला इचार करू द्या."

बाईंचं हे ठरलेलं वाक्य. म्हणताना उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, नजर माझ्या कुत्र्यावर, आणि डावा हात माझ्या दिशेनं वर, वर्गातल्या दंगेखोर पोराला थांबवावं तसा. मुठीत भाकरीचा एक तुकडा, मटणाच्या रश्शात बुडवून गच्चीवर खडखडीत वाळवलेला. टायगर आधी मुठीला नाक लावायचा, मग पंजा मारायचा, मग कंटाळून खाली बसायचा. ढुंगण जमिनीला टेकलं रे टेकलं की बाई "शाब्बास!" म्हणायच्या आणि मूठ उघडायच्या.

माझा टायगर. हे मुद्दाम सांगतोय, कारण गल्लीत ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवून निवृत्त झालेल्या. किल्लारीत आमच्या समोरच्या घरात एकट्याच राहायच्या. मी ऊसतोडीचा मुकादम. टोळ्या जमवायच्या, ट्रॅक्टर कारखान्यावर पोचवायचे, म्हणजे थोडक्यात दिवसभर ओरडायचं. टायगरला मी उसाच्या फडातून शर्टाच्या आत घालून आणला होता, बाटलीनं दूध पाजलं होतं. त्याला शिस्त लावायची माझी पद्धत साधी: हाक मारायची, नाही आला तर दगड उचलायचा. त्यामुळं मी "ये" म्हटलं की तो ट्रॉलीखाली जायचा.

आणि समोरच्या ओट्यावरून बाई बारीक आवाजात "ये" म्हणाल्या की कान पाडून सुटायचा. तुम्हीही माणसं न्याहाळणारे असाल, तर तुम्हाला हे ठाऊक असेल. आपल्या घरचं कुणी दुसऱ्याचं ऐकतं याचं एवढं काही वाटत नाही. ते हसतखेळत ऐकतं, ते झोंबतं.

मी जळत होतो. जेवताना माझा एक डोळा समोरच्या ओट्यावर असायचा.

"सवत आल्यावाणी काय करून राहिलाव?" बायको म्हणाली. "कुत्रंच हाय ते."

"माझं हाय."

"मंग ते त्याला सांगा की."

तेच तर सांगायचं होतं. एकदा मुरुडला गेलो होतो, तेव्हा खाटकाकडून बाईंच्या सुक्या तुकड्यांनी मान खाली घालावी असा माल आणला. चांगली मांस लागलेली हाडं. बाई ओट्यावर बसल्यात हे बघूनच परात अंगणात ठेवली. टायगर तुटून पडला. परात चाटूनपुसून लख्ख झाल्यावर मी मिशीवर हात फिरवून म्हणालो, "टायगर, बस!" त्यानं माझ्याकडं तृप्त नजरेनं पाहिलं, मोठी जांभई दिली आणि रस्ता ओलांडून बाईंच्या पायाशी जाऊन झोपला.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"मुकादम, तुम्ही आधी देऊन राहिलाव आन् मंग मागून राहिलाव," त्या म्हणाल्या. "ही उचल झाली. बक्षीस न्हाई."

आणि हे सांगावं कुणाला, तर मला! हंगामाआधी माझ्याकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन ऐन तोडीच्या वेळी दुसऱ्या मुकादमाकडं पळालेल्या टोळ्या शोधत मी आख्खा मराठवाडा पालथा घातलाय. आता घरचा कुत्राही त्यांच्यातलाच निघाला.

त्या दिवाळीनंतर बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. लेक त्यांना नांदेडला न्यायचं म्हणाली. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, कुत्र्याचा प्रश्नच नव्हता. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुसऱ्या सकाळी बाई काठी टेकत आमच्या अंगणात आल्या आणि वाळलेल्या तुकड्यांची डबी माझ्या हातात दिली.

"मी गेले की ह्यो माझ्या ओट्यावर वाट बघत बसंल. तसं नगं व्हायला. जायच्या आधी त्याला तुमचा करून जाते."

मग रोज सकाळी आमची शाळा भरू लागली. मी "ये" म्हणायचं, तो आला की शाब्बास म्हणायचं, आणि मग तुकडा. "आवाज खाली घ्या, हा काय फड न्हाई," बाई मला दटावायच्या. पण मी कितीही गोड हाक मारली तरी टायगर थेट त्यांच्याकडंच जायचा. तेव्हा बाई दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या आणि तोंड भिंतीकडं फिरवायच्या. तो त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला नाक लावायचा, कुंईकुंई करायचा. त्या हलायच्या नाहीत.

"आवं, डोक्यावरनं एक हात तरी फिरवा," एकदा मीच न राहवून म्हणालो.

"हात फिरवणं बी बक्षीसच असतंय, मुकादम," त्या भिंतीकडं बघतच म्हणाल्या.

हळूहळू तो माझ्याकडं यायला लागला. पहिल्यांदा शेपटीनं धूळ उडवत माझ्यासमोर बसला, तेव्हा मी इतका हरखलो की बाईंकडं बघायचं राहूनच गेलं. तरी पोटातली जळजळ पुरती गेली नव्हती. तो माझा होत होता, पण तेही बाईंच्याच शिकवण्यानं.

जायच्या दिवशी जीप आली. गल्लीनं मिळून सामान चढवलं. बाई पुढं बसल्या, तसा टायगर उठून जीपकडं निघाला. बाईंनी मान पलीकडं वळवली.

"टायगर, ये," मी हळूच म्हणालो.

तो थबकला. मग वळला आणि माझ्यासमोर येऊन बसला. मी शाब्बास म्हणालो, तुकडा दिला, सगळं शिकवल्याप्रमाणं. जीप हलली तेव्हा कुठं बाईंनी मागं वळून पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. टायगर माझ्या तोंडाकडं बघत होता. जीप कोपऱ्यावर पोचली तरी माझ्याच तोंडाकडं. ज्या नजरेसाठी मी एवढा जळलो होतो, ती आता आख्खी माझी होती आणि मला ती सोसवेना.

"आरं, तिकडं बघ की येकदा," मी म्हणालो. "बाई चालल्या."