बाईंनी भरलेली नावं

बाईंचा संगणक संध्याकाळी बंद करायची फाइल मी लिहिली होती, आणि तिचं मलाच फार कौतुक होतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी जयसिंगपूरहून सकाळच्या पॅसेंजरने कोल्हापूरला यायचो आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. बी.कॉम. नंतर पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर लोक मला सर म्हणायला लागले होते. आमच्या क्लासच्या जवळच एका डॉक्टरांचा दवाखाना होता. दवाखान्याच्या वरच्या खोलीत ते रक्तदात्यांचं एक मंडळ चालवायचे. कुणाला रक्त लागलं की नातेवाईक त्या खोलीत यायचे, यादीत त्या गटाचा माणूस शोधला जायचा आणि त्याला निरोप धाडला जायचा. एवढंच काम.

ही यादी सांभाळायच्या त्या बाई. चाळिशी ओलांडलेल्या, शाहूवाडीकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन शहरात आलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. अकरा वर्षं त्यांनी ती यादी वह्यांमध्ये ठेवली होती. गावाचं नाव, माणसाचं नाव, रक्तगट आणि समोर काहीबाही खुणेचं. ‘विहिरीमागचं घर’, ‘दुपारी शेतात असतो, सांजचं जावं’, ‘फोन किराणा दुकानात, मालक चिडका’. मी पहिल्यांदा त्या वह्या बघितल्या तेव्हा मला हसू आलं होतं. ते मी लपवलंही नव्हतं.

एका कारखानदाराने मंडळाला संगणक दिला आणि डॉक्टरांनी मला बोलावलं. महिनाभर रोज दुपारी बसून मी आणि बाईंनी सगळ्या वह्या यंत्रात भरल्या. खुणेच्या मजकुराला मी जागाच ठेवली नव्हती. “एवढं लागत नाही बाई,” मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “तुमी म्हणताय तर असंल.” पुढे मी डॉक्टरांना सुचवलं की आता वही आणि संगणक अशी दुहेरी उठाठेव नको. शिबिरात दात्यांनी भरलेले फॉर्म यंत्रात गेले की फॉर्म रद्दीत. डॉक्टरांना ते पटलं.

बाईंना इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, पण एकेक शोधत टाइप करावी लागायची. त्यांना रोज सात-आठ आज्ञा पाठ करायला लावण्यापेक्षा मी बॅच फाइल केली. म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवायच्या आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव द्यायचं. ते नाव टाइप केलं की यंत्र आपलं आपण वरून खालपर्यंत सगळं करत जातं. सकाळी बाईंनी CHALU टाइप करायचं, की यादी उघडायची. संध्याकाळी फ्लॉपी आत सरकवून BAND टाइप करायचं, की दिवसभरातली यादी हार्ड डिस्कवरून फ्लॉपीवर उतरायची, म्हणजे यंत्र बिघडलं तरी एक प्रत हातात राहणार. यंत्र मधे मधे जे इंग्रजी संदेश दाखवतं ते बाईंना घाबरवतील म्हणून मी सगळे दडपून टाकले होते. पडद्यावर फक्त ‘NAMASKAR BAI’ उमटायचं. ते पहिल्यांदा बघितल्यावर बाई लाजून हसल्या आणि डॉक्टरांना खालून बोलावून आणलं. मला त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं होतं.

नंतर मी आठवड्यातून एकदाच, बुधवारी दुपारी जायला लागलो.

अशाच एका बुधवारी, काम चालू असताना वीज गेली. परत आल्यावर बघितलं तर यादीची फाइल बिघडलेली. फ्लॉपीवर आदल्या संध्याकाळची प्रत होती, ती उलट हार्ड डिस्कवर आणायची होती. त्यासाठी लांबलचक आज्ञा नव्याने टाइप करायचा मला कंटाळा आला. BAND मध्ये ती ओळ तयारच होती, फक्त दिशा उलटी. मी ती फाइल उघडली, कुठून आणि कुठे या दोन जागांची अदलाबदल केली आणि चालवली. यादी परत आली. बाईंनी चक्क हात जोडले. क्लासमध्ये साडेतीनला पालकांना संगणक दाखवायचा कार्यक्रम होता. उशीर होत होता. मी जिना उतरलो. ती ओळ पुन्हा सुलटी करायची राहिली.

याचा अर्थ सरळ होता. बाई रोज दिवसभर बसून नवी नावं भरायच्या, आणि संध्याकाळी BAND टाइप केलं की फ्लॉपीवरची जुनी यादी येऊन त्यांच्या नव्या यादीवर बसायची. दिवसाचं काम पुसलं जायचं. फ्लॉपीचा दिवा पूर्वीसारखाच लागायचा, विझायचा. संदेश तर मीच बंद केले होते.

पुढच्या बुधवारी बाई म्हणाल्या, “सर, कालची नावं न्हाईत की वो ह्यात.”

मी खुर्चीत बसलो, यादीच्या शेवटी गेलो. तिथे पाच-सहा नवी नावं होती. “ही काय, दिसताहेत की.”

“ही आजची हायत. कालची न्हाईत.”

“तुम्ही सेव्ह केलं नसेल.”

“केलतं. कंट्रोल आणि एन्ड. रोज दाबतोय की मी.”

“बोट नीट पडलं नसेल बाई. ठासून दाबायचं.” मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘कंट्रोल + एन्ड दाबल्याशिवाय उठायचं नाही’, आणि पडद्याच्या कडेला चिकटवलं. खोलीत आणखी दोघीजणी बसायच्या, पाकिटांवर पत्ते लिहायला. त्यांच्यादेखत मी ते चिकटवलं.

त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांनी पुन्हा विषय काढला, पण आता आवाज खाली होता. “सर, मी तोंडानं बोलून बोलून दाबतोय. तरी बी दुसऱ्या दिशी नसत्यात.” मी हातातलं मासिक चाळत होतो. “होईल सवय,” एवढंच म्हणालो. दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसून, संध्याकाळी त्या नेमकं काय करतात ते बघितलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. त्यानंतर त्यांनी काही म्हणून विचारलं नाही.

असे पाच आठवडे गेले. मधल्या काळात रक्तगट तपासून नवी नावं नोंदवायचं एक मोठं शिबिर झालं होतं. त्याचे सगळे फॉर्म बाईंनी यंत्रात भरले होते आणि ते रद्दीत गेले होते.

मग एका बुधवारी, मी नुकताच आलो होतो, तेवढ्यात एक माणूस धापा टाकत जिना चढून आला. त्याची बहीण बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं. जुन्या यादीतल्या दोघांपैकी एक मुंबईला गेलेला, दुसऱ्याने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. डॉक्टर वर आले. म्हणाले, “परवाच्या शिबिरात दोघे मिळाले होते ना? काढा त्यांचे पत्ते.”

मी शोधलं. नव्हते. शिबिराचं एकही नाव नव्हतं. मी पुन्हा शोधलं. माझ्यामागे डॉक्टर, तो भाऊ, त्या दोघीजणी आणि बाई अशी सगळी उभी होती. आणि मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, “बाईंकडून सेव्ह करायचं राहतं बऱ्याचदा. मी सांगितलं होतं त्यांना.”

डॉक्टर मवाळ माणूस. त्यांना कुणावर ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते बाईंकडे वळले. “जमत नव्हतं तर तसं सांगायचं बाई. इथं माणसाच्या जिवाशी गाठ आहे.”

मला वाटलं, आता बाई म्हणतील, मी सरांना दोनदा सांगितलंय. त्या तसं बोलल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, “दोघं हुते. एक कुठला ते ध्यानात न्हाई. दुसरा जोतिबाच्या डोंगरावरचा. नारळ-गुलालाचं दुकान हाय त्याचं. जुळ्या पोरी हायत म्हणालता.”

डॉक्टरांनी मला स्कूटरची किल्ली दिली. बाई मागे बसल्या.

वर पोचल्यावर मला कळेना कुठून सुरुवात करावी. देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकानंच दुकानं, आणि नाव तर आम्हाला ठाऊकच नव्हतं; असतं तरी अर्ध्या दुकानांचं आडनाव एकच. बाईंनी पहिल्याच दुकानदाराला गाठलं. “पावणं, जुळ्या पोरींच्या बापाचं दुकान कंचं?”

“कोन तुमी?”

“रक्ताच्या मंडळातली हाय. लई नड हाय.”

तिसऱ्या दुकानात पत्ता लागला. माणूस नारळ सोलत बसला होता. बाईंना बघून उठला. “बाई, तुमी? सरबत दिलतं की मला तुमी.” बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने शेजारच्याला “जरा ध्यान ठेव रं” म्हणून हाक दिली आणि गुलालाने माखलेले हात तसेच घेऊन स्कूटरकडे आला. तिघं बसून घाट उतरणं शक्य नव्हतं.

“तुमी म्होरं व्हा,” बाई म्हणाल्या. “मी एस्टीनं येतो.”

मी त्याला घेऊन दवाखान्यात पोचलो. रक्त जुळलं, दिलं गेलं. तासाभराने आतून निरोप आला की बाळंतीण सावरतेय. तिच्या भावाने माझे पाय धरायला वाकून मला ओशाळं करून टाकलं, आणि मी तिथून निघालो.

मंडळाच्या खोलीत आलो तेव्हा कुणी नव्हतं. काय बिघडलंय ते बघावं म्हणून मी BAND फाइल पडद्यावर उघडली. दहा-बारा ओळी. मधली ती ओळ डोळ्यासमोर होती. आधी फ्लॉपी, मग हार्ड डिस्क. उलटी.

मला आठवायला काही वेळ लागला नाही. वीज गेलेला तो बुधवार, पालकांचा कार्यक्रम, बाईंचे जोडलेले हात, सगळं एकदम आठवलं. आणि त्यानंतर मी जे केलं ते मी आजवर बायकोलाही धड सांगू शकलेलो नाही. मी दार बंद आहे ना ते वळून बघितलं. मग ओळ सुलटी केली, फाइल बंद केली आणि पडद्यावरची अक्षरं पुसून टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

पाचच्या सुमाराला बाई आल्या. एस्टीसाठी बराच वेळ उन्हात उभं राहावं लागलं असावं, चेहरा उतरला होता. दारातूनच विचारलं, “झालं का?”

“झालं. बरी आहे ती.”

“मग झ्याक झालं,” त्या म्हणाल्या आणि माठाकडे गेल्या. त्या पाणी पिईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा होतो. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी संगणकावर नवी मुलगी बसवली. बाईंना पाकिटांच्या टेबलावर जागा मिळाली. नव्या मुलीची नावं टिकत होती, म्हणजे दोष बाईंचाच होता हे सगळ्यांच्या लेखी सिद्ध झालं. दोन महिन्यांनी बाईंनी मंडळ सोडलं. घरी काम वाढलंय, असं कारण सांगितलं.

त्यानंतरही चार-पाच महिने मी गप्प होतो. दर बुधवारी ती मुलगी म्हणायची, “सर, तुमची फाइल किती सोपी आहे,” आणि माझ्या तोंडाची चव जायची. शेवटी एका रविवारी मी बाईंचं घर शोधत गेलो. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून गडबडीने उठल्या, चटई टाकली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, त्या ओळीपासून बंद दारापर्यंत.

त्या सुपाकडे बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला वाटायचं माझीच बोटं चुकत्यात. पोरीच्या शाळेचा फारम भरला, तर तो बी तिच्याकडनं तपासून घेतला मी. अकरा वर्सं वह्या लिवल्यात, कदी कुनी चूक काढली न्हवती.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“डाक्टरास्नी सांगितलंसा?”

“नाही अजून.”

“मग मला कशाला सांगाय आलायसा?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी चुकलो न्हाई, हे मला म्हाईत हुतं की आदी. तुमीच सांगून सांगून घालवलं ते. ज्यांच्याम्होरं मला बोलला, त्यांच्याम्होरं सांगा.”

चहा न घेता मी निघालो. त्यांनीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. “मी त्यांना काय बोललो होतो ते आठवतंय तुम्हाला?” एवढंच विचारलं. मी मान डोलावली. ते मला घेऊन वर आले. पाकिटांवर पत्ते लिहिणाऱ्या दोघी आणि ती नवी मुलगी, तिघी कामात होत्या. डॉक्टरांनी त्यांना थांबायला सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. वाक्यं घरून तयार करून आलो होतो, ती सगळी मोडली. सांगून झाल्यावर दोघींपैकी मोठीने विचारलं, “म्हणजे बाईंचं काहीच चुकलं नव्हतं?”

“नाही,” मी म्हणालो. “काहीच नाही.”

तिने आपल्या शेजारणीकडे बघितलं आणि पुन्हा पत्ता लिहायला घेतला.

डॉक्टर स्वतः बाईंच्या घरी जाऊन आले. त्यांनी परत या म्हणून विनवलं, पण बाईंना तोवर त्यांच्या गल्लीतल्या बालवाडीत काम मिळालं होतं. त्या आल्या नाहीत. मंडळाने मला काढलं नाही. मीच पुढच्या महिन्यात जाणं बंद केलं, आणि तेसुद्धा क्लासचं काम वाढलंय असं सांगून.