मामींनी मला ताल धरायला बसवलं

विशालाक्षी मामी गेल्या. त्या माझ्या कोणीच लागत नव्हत्या.

सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर वाचलं आणि देवापुढचा दिवा लावायचाच राहून गेला.

ऐंशी सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मी सिहोऱ्याची, लग्न होऊन भंडाऱ्याला आलेली. ह्यांच्या कारखान्यात मद्रासकडची पाच-सहा कुटुंबं होती. दर रविवारी संध्याकाळी ती कॉलनीच्या बागेत, कडुनिंबाखाली, हिरवळीवर सतरंज्या टाकून कर्नाटक संगीत गायची.

मी कुंपणाबाहेर, भाजीची पिशवी घेऊन उभी.

गाणं ऐकता ऐकता त्या बाया मांडीवर थाप मारून बोटं मोजायच्या. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, एवढं गोड गाणं चालू आहे, अन् ह्या बाया धोब्याचे कपडे मोजून राहिल्या.

हे म्हणाले, "तुले सगळीकडं हिशोबच दिसते."

त्यांनी ते कारखान्यात सांगितलं. पुढच्या रविवारी त्या बायांमधल्या विशालाक्षी मामी स्वतः कुंपणापाशी आल्या.

"हिसाब ही है. आठ का. आओ, बैठो."

एक थाप, तीन बोटं. मग थाप, हात उताणा. परत थाप, परत उताणा. झाले आठ.

तेव्हा माझं पहिलं बाळ जाऊन चार महिने झाले होते. माहेरी भजनात पुढे बसणारी मी, आरतीलाही आवाज फुटेना. देवावर राग नव्हता हो. गळाच मिटला होता.

मामींना कळलं असावं. 'गा' म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत. दोन बायांच्या मधे बसवायच्या आणि ताल धरायला लावायच्या. सारा हिवाळा असा गेला.

रामनवमीच्या आधीच्या रविवारी म्हणाल्या, "आज तुम्हारे गाँव का भजन."

"मामी, मले नाही जमत."

"तुम गाओ. ताल हम देखेंगे."

दुसऱ्या कडव्यात रडू आलं. शब्द निघेना.

कोणी पाणी आणायला उठलं नाही. कोणी 'राहू दे' म्हटलं नाही. सगळ्यांचे हात चालूच. मामी माझ्याकडे बघत बोटं मोजत होत्या. दोन आवर्तनं रिकामी गेली.

तिसऱ्याला मी शब्द उचलला.

मामी, रामाच्या पायाशी सुखानं बसा.

त्यांच्या लेकीचा, जयाचा, पत्ता कोणाजवळ असेल तर उलटटपाली कळवा. मोबाईलवर दोन ओळी नाही टाकायच्या मला. तिच्या आईनं माझ्यासाठी काय केलं, ते तिला कागदावर लिहून पाठवायचं आहे.