रंगांवरचा आळ

डॉक्टरांनी माझे दोन्ही तळहात उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस." म्हणजे एखाद्या वस्तूचा स्पर्श कातडीला सोसत नाही. ती लाल होते, खाजते, फोड येतात, मग चिरते. कोणती वस्तू, ते सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून आमचे यजमान म्हणाले, "रंग. दुसरं काय असणार?"

मी चित्रं करते. कॅनव्हासवर नाही. सिमेंटच्या गोणीचा कागद, औषधगोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, फुटकं कौल, जे हाती लागेल त्यावर. झिजलेल्या स्लीपरच्या रबरावर नक्षी कोरून ठसे उठवते. तळहाताएवढी चित्रं, पण ती करताना मी माझी असते. घरच्यांच्या मते हा कचरा आहे. आता त्या कचऱ्याला गुन्हेगार ठरवायची आयती संधी मिळाली.

घरी आल्याआल्या सासूबाईंनी फर्मान काढलं, "अगो, ते रंग फेकून दे बघू आधी. आमच्या वेळी असलं कुणाला काय झालेलं नाय."

फेकले नाहीत, पण बांधून माळ्यावर ठेवले. मलम लावलं, गोळ्या घेतल्या. हात बरे व्हायचे सोडून जास्तच चिघळले. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. "रंग बंद करूनही कसं वाढतंय?" मी विचारलं, तर यजमान म्हणाले, "घरात आहेत ना अजून!" या माणसापुढे डोकं आपटून घ्यावं असं वाटलं.

पुन्हा दवाखाना, पुन्हा ते बाकडं. डॉक्टरांनी पॅच टेस्ट सांगितली. यात संशयित वस्तूंचे बारीक नमुने पाठीवर चिकटवतात आणि कुठे पुरळ उठतं ते बघतात. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. रत्नागिरीच्या उकाड्यात! नमुने घरूनही आणा म्हणाले. यजमानांनी एरवी बाजाराची पिशवी उचलायला कुरकुर केली असती. त्या दिवशी रंग, शाई, डिंक, स्लीपरचे तुकडे सगळं आपणहून भरून आणलं.

पट्ट्या निघाल्या. माझी पाठ स्वच्छ.

यजमानांचा चेहरा पडला. डॉक्टर मात्र माझ्याकडे वळले. "ताई, दिवसभर या हातांनी काय काय करता?"

"काही विशेष नाही. घरातलंच."

"घरातलं म्हणजे नेमकं काय?"

मी सांगत गेले. भांडी, मासळी साफ करणं, नारळ खवणं, आणि सध्या लोणच्याच्या, मुरांब्याच्या कैऱ्या. सासरच्या सगळ्या घरांचं लोणचं माझ्याच हातचं लागतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"कैरीचा चीक," डॉक्टर म्हणाले. पुन्हा पट्ट्या लावल्या, त्यात कैरीच्या सालीचाही नमुना होता. नेमकं त्याच जागी पुरळ उठलं. कोकणात चीक उततो, म्हणजे लागेल तिथे कातडी भाजून फोड येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण घरात रंगांसारखा परका आरोपी असताना घरच्या आंब्यावर संशय घेणार कोण?

तुमच्यावर ही वेळ आली, तर दवाखान्यात न्यायची पिशवी स्वतः भरा. एवढंच सांगते.

आता गंमत ऐका. रंगांवर आळ होता तेव्हा सगळे एकदम फेकायचे होते. आंब्याचं नाव येताच सासूबाई म्हणाल्या, "अगो, आम्ही जन्मभर चीक काढला, कुणाचे हात झडले? उतलाच तर खोबरेल लाव." यजमान म्हणाले, "हातमोजे घालून चिर, थोड्याच आहेत." थोड्या म्हणजे दोन टोपल्या.

मी नाही म्हटलं. रागाने नाही, अगदी शांतपणे. लग्नानंतर पहिल्यांदाच. टोपल्या दोन दिवस पडवीत पिकत राहिल्या, मग जावेकडे गेल्या.

हात आता भरून आलेत. त्या डॉक्टरांचे उपकार मलमापेक्षा त्या एका प्रश्नासाठी जास्त मानते. रंग माळ्यावरून खाली आले. यंदा यजमानांनी लोणच्याची बरणी दुकानातून आणली. पहिल्याच घासाला सासूबाईंचं तोंड वाकडं झालं, त्यांनी माझ्याकडे बघून मोठा उसासाही टाकला. मी जेवण उरकलं आणि बरणीचं झाकण धुऊन घेतलं. छान गोल पत्रा आहे, त्यावर ठसा चांगला उठेल.