गव्हाणीत गेलेला तांब्या

आमच्या ह्यांची नोकरी शनवारी गेली आन रविवारी आमच्यात मटान हुतं. कारन मटान शुक्रवारीच सांगून ठिवलेलं!

हे श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात वर्क्स मॅनेजर. म्हंजी चिमनीपासनं नटबोल्टापर्यंत सगळं ह्यांच्या हाताखाली. कॉलनीत मोठा बंगला, दारात जीप. आन मी काष्टीच्या शेतकऱ्याची पोर, शाळा चवथी (तीबी ढकलत ढकलत). दुष्काळ पडायच्या आदल्या साली कारखान्याची निवडनूक झाली, जुनं मंडळ पडलं, नवे चेअरमन अण्णा आले. कुनीतरी त्यांच्या कानाला लागलं, हा साहेब जुन्यांचा मानूस. झालं! एक कागद आला. इंग्रजीत हुता, मला वाचता येईना, पन ह्यांचं तोंड वाचता आलं.

"बंगला कवा सोडायचा?" मी इचारलं.

"दिवाळीच्या पाडव्याच्या आत."

"आन मंग जायचं कुठं, लेकराला घिऊन?"

"अर्ज टाकलेत."

अर्ज टाकले, पन उत्तर कुठनंच येईना. पोष्टमनची घंटी वाजली की मी पळत दारात! आन हे घरी बसून बसून शिरले माझ्या सैपाकघरात. "अगं, तवा येवढा कशाला तापवती? उष्णता वाया चाललीय!" म्हनलं, "जाऊ द्या वाया, पन तुमी भाईर व्हा!" ऐकतात व्हय? दोन दिसांत चुलीला पत्र्याचं धुराडं बसवलं. लई झ्याक! आमचा समदा धूर शेजारच्या बंगल्यात.

असे चार महिने काढले. दिवाळी जवळ आली आन एक दिवस कारखान्याची जीप दारात! रामभाऊ डायवर उतरला.

"रामभाऊ, बंगला आत्ताच सोडायचा का वो?"

"न्हाई वयनी. उद्या हंगामाची पयली मोळी टाकायचीय. गव्हाणीच्या पुजेला सायबांनी आन तुमी जोडीनं बसायचं, अण्णांचा निरोप हाय."

गव्हाण म्हंजी ऊस टाकायची लांबच लांब सरकती पन्हाळ. ऊस तिच्यावरनं वर चढतो आन पुढं रोलरखाली चिरडतो. तिच्या पुजेला दर साली मॅनेजराचं जोडपं बसायचं. आन नवा साहेब निघाला बिनलग्नाचा!

हे लालेलाल. "नोकरीवरनं काढलं आन पुजेला पायजे? त्याच्या शेजारी सुपारी मांडा म्हनावं, बायकू म्हनून!"

"मांडली असती साहेब, पन कामगार ऐकंनात. म्हनत्यात, गेल्या साली हीच जोडी बसली, एक खिळा मोडला न्हाई."

"अहो, चला," मी काकुळतीला आले. "देवाचं काम हाय." (देवाचं कशाचं! म्हनलं, अण्णांची नजर तरी पडंल.)

भटजींनी माझ्या पदराची आन ह्यांच्या उपरन्याची गाठ बांधली आन बजावलं, "पूजा संपेपर्यंत सुटता कामा नये हं!" मी भ्याले. आधीच नोकरी सुटलेली, आता गाठबी सुटली तर? कुनाचं लक्ष न्हाई बघून वर दोन निरगाठी मारल्या. कडेवर बेबी, हातात पान्यानं भरलेला पितळी तांब्या. मोळ्या पडल्या, ताशा लागला, गव्हाण हालली, आन आमच्या बराबर डोक्यावर भोंगा बोंबलला.

"आई गंऽऽ!"

हात सुटला. तांब्या गव्हाणीत. वरनं मोळी!

"अहो, तांब्या!"

"काय झालं तांब्याला?"

"गेला!"

"कुठं गेला?"

"उसाबरोबर!"

चार महिन्यांत पयल्यांदा ह्यांचं तोंड जुन्यावानी झालं. "अगं, पितळ हाय ते! रोलर फुटतील! बंद करा, गव्हाण बंद करा!"

भोंग्यात कुनाला ऐकू जातंय! अण्णा डोळे मिटून, हात जोडून उभे. त्यांना वाटलं मंत्रच चाललाय. नवा साहेब तेवढा पळत आला आन ह्यांनाच इचारतो, "बंद कुठून करायची हो?" बिचारा आठ दिसांमागं आलेला!

हे सुटले पळत. उपरनं तानलं, पदर तानला, मागं मी.

"गाठ सोड!"

"सुटंना!"

"असली गाठ मारली कुनी?"

"म्या!"

लोखंडी जिना, पुढं सोवळ्यातले हे, मागं मी, कडेवर बेबी. ती तर खिदळतीय, तिला वाटलं जत्राच! वर जाऊन ह्यांनी कसलासा दांडा खस्सकन वढला. गव्हाण करकरत थांबली. ह्यांनी ऊस उपसला. ऊस तोडायच्या पात्यांपासनं दोन हातावर आमचा तांब्या. साधा पोचा न्हाई!

भोंगाबी गप झाला. अण्णा धापा टाकत वर आले.

"तांब्या कुनी टाकला?"

हे शांतपनी म्हनाले, "भोंग्यानं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, तानलेल्या पदराकडं बघितलं. तवर नवा साहेब बोलला, "अण्णा, आज हे नसते तर उद्या मलाच काढावं लागलं असतं. मला यांच्या हाताखाली ठेवा."

अण्णांनी डोईवरची टोपी नीट केली. "साहेब, उद्यापासनं कामावर या."

"उद्या कशाला? हंगाम आज सुरू झालाय."

"मंग आधी ती गाठ सोडा की!"

सुटती कशाची! शेवटी तोडनीवाल्याच्या कोयत्यानं उपरनं कापलं. मी तिथंच जिन्यावर बसून ढसाढसा रडले. बंगला राहिला, चूल राहिली. (धुराडं मातर दुसऱ्या दिशी काढायला लावलं.)

कॉलनीतल्या बायांनी माझी वटी भरली. "काय बाई धीराची! लेकरू कडेवर घिऊन नवऱ्यामागं वर चढली, हिसका बसला तरी साथ सोडली न्हाई!" मी मान खाली घालून वटीतलं खोबरं सावरलं. आता कसं सांगू, मी दाराकडं पळायला निघाले हुते! काष्टीला जाऊनच थांबले असते, पन गाठीनं उलटी वढली.

पुढल्या पुजेला गाठ ह्यांनी सोता बांधली, सुरगाठ. माझ्या हातात नुसती फुलं. आन तांब्या? भटजी भोंगा गप होईस्तोवर तो दोनी हातांनी पोटाशी धरून बसले हुते!