थोरल्याची मिशी

सन १९८४. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, आणि माझ्या थोरल्या भावाइतका स्वतःवर लट्टू झालेला माणूस त्या वेळी उभ्या अंधेरीत नव्हता. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, शेजारी म्हणून सांगतो. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि त्याचा आरसा त्याच भिंतीवर होता. तो सिनेमात गर्दीतली कामं करायचा. कधी वरातीत, कधी कोर्टात मागच्या बाकावर. पण चालायचा असा, की सगळी वरात ह्याच्यासाठीच निघाली आहे. बसच्या कंडक्टरनं सुट्ट्या पैशासाठी दोनदा बघितलं तरी हा घरी येऊन सांगायचा, ‘ओळखल्यान माका.’ रॉकेलच्या रांगेत काळा गॉगल लावून थेट पुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, ‘मी मागे थांबलो तर गर्दी होईल.’ एक बाई म्हणाली, ‘गर्दी झालेलीच आहे, भाऊ. मागे व्हा.’ चुलत पुतणीच्या लग्नात प्रत्येक फोटोत हा डावा गाल पुढे करून उभा. नवरीचा नुसता हात आला. पण मला टायफॉइड झाला होता तेव्हा रोज संध्याकाळी उशाशी बसून नायक, नायिका, खलनायक, सगळ्यांचे संवाद एकटा म्हणायचा, तेही खरं. नायिका झाला की पदर म्हणून माझीच चादर ओढून घ्यायचा.

मग त्याला डाकूचं काम मिळालं, त्यासाठी त्यानं झुपकेदार मिशी वाढवली, आणि त्यातच आमचे बाबा गेले. थोरल्याच्या हातून अग्नी मिळावा एवढंच म्हातारा मागत आला होता. आमच्यात अग्नी देणाऱ्यानं डोक्याचे केस आणि मिशी उतरवायची असते. स्मशानात न्हावी वस्तरा घेऊन बसला, आणि हा मिशीवर हात ठेवून उभा.

‘उद्या शूटिंग आहे,’ म्हणाला. ‘अर्ध्या सीनात मिशी आणि अर्ध्यात नाही, असं चालत नाही. कंटिन्युटी असते.’

काका म्हणाले, ‘बापापेक्षा मिशी मोठी झाली रे तुझी?’

‘मिशी काढली तर माका कोण ओळखतलो, काका?’

मग मी न्हाव्यापुढे बसलो. अग्नी मी दिला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. बायकोनं समजावलं, काकांनी समजावलं, पण मी ऐकणाऱ्यातला नाही. भिंतीपलीकडे तो खोकला तरी मी रेडिओ मोठा करायचो.

वर्ष व्हायच्या आत सिनेमा लागला. त्यानं अख्ख्या चाळीची तिकिटं काढली, माझं बायकोकडे दिलं. मी गेलो. बाबांचा अग्नी कशासाठी सोडला, ते मला बघायचं होतं. मध्यंतरानंतर डाकू आले. धूळ, घोडे, बंदुका, आणि झाडून सगळ्यांच्या तोंडाला नाकापर्यंत फडकी बांधलेली. आमचा थोरला अंधारात उभा राहिला, ‘तो बघा, तो मी,’ म्हणाला. ‘कुठला?’ असं कोणीतरी विचारेपर्यंत घोडे टेकडीपलीकडे गेले. मागून लोक ओरडले तेव्हा तो खाली बसला. मी त्याच्या मागच्याच रांगेत होतो. इतके महिने या दिवसासाठी मी हसू राखून ठेवलं होतं. ते काही आलं नाही. त्याची मान तेवढी दिसत होती, बाबांसारखीच बारीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो. वरच्या मजल्यावरचा एक जण दात घासत म्हणाला, ‘काय रे, तुझा भाऊ नक्की कोण होता? डाकू की घोडा?’ सगळे हसले. मी म्हटलं, ‘सरदाराच्या उजव्या हाताला होता तो. डोळे ओळखता येत नाहीत तुला? चष्मा लाव.’ मला स्वतःला तो कुठे दिसला नव्हता.

मागे वळलो तर थोरला बादली घेऊन उभा.

‘खरांच ओळखलंस माका?’ त्यानं हळूच विचारलं.

मी माझी अर्धी भरलेली बादली बाजूला घेतली आणि त्याची नळाखाली लावली.