टांगलेल्या मोटारीचा कोन

तुम्ही हसणार हे ठाऊक असूनच सांगतो. अख्ख्या रत्नांग्रीला माहीत आहे, मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

तेव्हा माझी सर्व्हिस मोटार होती, रत्नागिरी ते देवरूख. वाटेत नुसते धोंडे. गाडीच्या पोटाला असे घासायचे, की आतल्या बायका पाय वर घेऊन बसत. म्हणून मी स्प्रिंगा आणि मागचा धुरा, म्हणजे मागच्या चाकांचा आस, यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून गाडी चार बोटं उंच केली. दिसायला ऐटबाज झाली हो, पण चालताना थडथडायला लागली.

कारण साधं होतं. इंजिनाकडून मागच्या धुऱ्याकडे जातो तो लांब दांडा, शाफ्ट, गाडी उंच केल्यावर फार तिरका झाला होता. उपाय मला माहीत होता. स्प्रिंगेखाली पाचर मारायची, धुऱ्याचं तोंड जरा वर करायचं, की दांड्याचा कोन जमला. घाई एवढीच, की परवा धाकट्या भावाचं, नानाचं, लग्न होतं. देवरूखला, गोरज मुहूर्त. आणि नवरदेवाला मोटारीतून आणतो, असं मी व्याह्यांना छातीठोक सांगून बसलो होतो.

पाचरी तासायला बाबू सुताराला बोलावलं. गाडीचा सांगाडा जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवला, चारी चाकं हवेत. खाली आडवा होऊन मी कोन मापला, बाबूने पाचर तासली, मी ठोकली. इंजिन चालू केलं. काय सांगू, लोण्यात सुरी फिरावी तसा दांडा फिरला.

बाबू कानामागची पेन्सिल काढत म्हणाला, "भाऊ, एकदा खाली उतरवून बगा. टांगलेल्या गाडीचा काय खरा?"

"बाबू, तू दारं-खिडक्या बघ. यंत्राचं मला कळतं."

आता माझी बायको. आदल्या दिवशी वऱ्हाड बैलगाड्यांनी निघालं, तेव्हा ती म्हणाली, "नवरदेवाला तरी आमच्याबरोबर पाठवा. मोटारीचा काय भरवसा?" मी नुसता हसलो. ते हसू आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी मी आणि नाना निघालो. हातखंब्यापर्यंत जाईतो नानाच्या मुंडावळ्या नाकावर उतरल्या. माझे दात एकमेकांवर आपटत होते. थडथड पूर्वीच्या दुप्पट.

"दादा, ही अशीच चालते का रे?" नानाने विचारलं.

"नवीन पाचर आहे. बसेल हळूहळू."

पाचर बसली नाही, गाडी बसली. देवरूख तीन कोसांवर असताना सांध्याचे बोल्ट हादरून निखळले आणि दांडा खडकन रस्त्यावर पडला. मी धोतर खोचलं, वाटेवरचे धोंडे गोळा करून मागची बाजू उचलली, बोल्ट आवळले, इंजिन लावलं. चाकं हवेत, दांडा गुळगुळीत. खाली उतरवली, दहा पावलं चालवली, पुन्हा थडथड. पुन्हा उचलली. गुळगुळीत. असं तीनदा केलं, तेव्हा कुठे या डोक्यात उजेड पडला. अहो, टांगलेल्या गाडीत धुरा खाली लोंबतो! मी कोन मापला तो लोंबत्या धुऱ्याचा. चाकं जमिनीला टेकली, वजन आलं, स्प्रिंगा दबल्या, की तो कोन गेला आणि पाचर ठरली गरजेच्या दुप्पट जाड.

नाना सूर्याकडे बघत होता. रडवेला झाला होता बिचारा. तेवढ्यात मागून गवताची बैलगाडी आली. गाडीवानाच्या हातापाया पडून मी नवरदेवाला गवताच्या भाऱ्यावर चढवला.

मी मोटार तिथेच सोडून पायी पोचलो, तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. मुहूर्त अगदी काठावर साधला होता म्हणे. व्याह्यांनी मला शेजारी पाट दिला नि प्रेमाने विचारलं, "काय झालं हो मोटारीला?"

आता गप्प बसावं की नाही? पण नाही. मी पाटावरच दोन बोटांनी दांडा दाखवला, द्रोण उपडा घालून धुरा दाखवला, हवेत कसा झकास फिरतो तेही सांगितलं. सगळी पंगत ऐकत होती. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले,

"म्हणजे गाडी उत्तमच आहे. फक्त जमिनीवर ठेवायची नाही."

मी मान खाली घातली आणि मठ्ठा मागितला. द्रोण मात्र उपडाच होता.