बाईंसाठी ठेवलेली खिडकी

वाचनालयात फोन बंद ठेवायचा, हा नियम माझाच. भिंतीवरची पाटीसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. त्यामुळे यासीनभाई गेल्याची बातमी अर्ध्या तळेगावाला कळून झाल्यावर, दुपारी साडेबाराला, कुलूप लावून पायरीवर चपला घालताना मला कळली. त्यांच्या मुलीचे, शबानाचे, नऊ फोन येऊन गेले होते. मी फोन लावला तर ती एवढंच म्हणाली, "आजी, अब्बा गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकले आणि..." मी तिथेच पायरीवर बसले. एक चप्पल पायात, एक हातात. मग रिक्षा करून सुदुंबऱ्याला त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोचा, हमीदाभाभींचा, हात धरून बसून राहिले. त्या रडत नव्हत्या. मधेच म्हणाल्या, "कालच तुमचं नाव काढलं हुतं त्यांनी. बाईंचं मशीन जुनं झालंय, बदलाया पायजे म्हणं." मला त्या घरात, त्या वेळी, हसू आलं. सोळा वर्षं या माणसाच्या डोक्यात माझं मशीन होतं, आणि माझ्या डोक्यात काय होतं ते आता सांगते. सहा आठवडे झालेत, आता लिहायला बसलेय.

यासीनभाई गावातल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि निवृत्त झाले ते तिथले कॉम्प्युटर सांभाळून. मधलं सगळं त्यांनी बघून बघून शिकलेलं. आमच्याकडे ते रहस्यकथा न्यायला यायचे. शेवटची चार पानं आधी वाचायचे आणि मग पुस्तक घरी न्यायचे. मी विचारलं, "यात मजा काय उरली?" तर म्हणाले, "बाई, खून कोनी केला ह्यात मजा न्हाई. त्यो सगळ्यांसमोर कसा वावरत हुता, ते बघन्यात हाय." वाचनालयाला कोणीतरी एक वापरलेला कॉम्प्युटर भेट दिला, तेव्हा समितीने त्यांनाच गळ घातली. यंत्र एक आणि वापरणारी आम्ही सहाजणं. त्यांनी प्रत्येकाचं वेगळं नाव आत घातलं आणि मला समजावून सांगितलं, "मशीन एकच, पन ज्याचं नाव त्याची खोली. तुमी नाव अन् परवलीचा शब्द टाकून आत आलात की मशीन तुमच्या नावाची चिठ्ठी वाचतं. त्यात मी लिवून ठेवलंय, बाई आल्या, आता हे कर, मग ते कर. तुमी फक्त बसायचं." आमचे चिटणीस वामनराव आत शिरले की अक्षरं फणसाएवढी व्हायची, कारण त्यांना मोतीबिंदू. मी आत शिरले की मराठी कळफलक चालू व्हायचा, माझी यादी उघडायची, आणि आदल्या दिवसापर्यंतचं सगळं काम टेबलाखालच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं जायचं. हे शेवटचं काम चालू असताना पडद्यावर एक काळी खिडकी यायची, तीत पांढरी अक्षरं धावायची. "ती आपसूक जाती," यासीनभाई म्हणाले. "तिला हात नका लावू."

मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि जगात सगळं चुकलेलं असून ते लाल शाईने दुरुस्त करायला देवाने मला खाली ठेवलंय, अशी माझी ठाम समजूत होती. उघडी वही, उघडी पेटी, उघडं तोंड, काहीही उघडं दिसलं की ते बंद करायचं. त्यात ही काळी खिडकी, तीही इंग्रजीत बडबडणारी! पहिल्या दिवशी मी पाच सेकंद थांबले असेन. दुसऱ्या दिवशी तिच्या कोपऱ्यातली फुली दिसली. दाबली. खिडकी गेली. केवढं समाधान! वर्गातल्या वात्रट मुलाला बाहेर काढल्यासारखं. मग रोज सकाळी दहाला कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, परवलीचा शब्द टाकायचा आणि खिडकी दिसली रे दिसली की फुली. यासीनभाई एकदोनदा मागे कपाटाशी उभे असल्याचं मला आठवतं. पुस्तक चाळत होते. निदान मला तसं वाटलं.

आता त्या यादीविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या तीन कपाटांना वाळवी लागली होती. पुस्तकं वाचण्याजोगी उरली नव्हती, रद्दीत द्यायची ठरलं. पण देताना मी एक उघडलं आणि पहिल्या पानावर, वाळवीने न खाल्लेल्या कोपऱ्यात लिहिलेलं दिसलं, 'चि. कमलला, चौथीत पहिली आल्याबद्दल. मामा.' दुसऱ्यावर, 'सौ. इंदूस, भांडण मिटल्याप्रीत्यर्थ.' तिसऱ्यावर नुसतं, 'हे पुस्तक नेणाऱ्याचं नाव मला माहीत आहे. त्याने परत आणावं.' हे रद्दीत कसं जाऊ द्यायचं? मी एकेक पुस्तक उघडून ती पहिली पानं कॉम्प्युटरवर उतरवायला बसले. एका बोटाने. दीड वर्ष. एक गठ्ठा उतरवून झाला की तो रद्दीवाल्याकडे. म्हणजे ते मामा, ती इंदू, ते मिटलेलं भांडण आता फक्त त्या यंत्रात होतं... दुसरीकडे कुठेही नाही.

आणि एका सकाळी यंत्र सुरूच होईना. पडदा काळा, खालून करकर आवाज. वामनराव म्हणाले, "डिस्क गेली वाटतं." मला ती फुली आठवली. यासीनभाईंनी काय सांगितलं होतं, तेही शब्दन् शब्द आठवलं. मी दीड वर्ष रोज त्या खिडकीचा गळा दाबत होते, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर काहीच पोहोचलं नसणार. अशा वेळी शहाणं माणूस काय करील? कबूल करील. मी काय केलं? संध्याकाळी समितीची बैठक होती, तीत उभी राहिले आणि यासीनभाईंवर तुटून पडले.

"एवढ्या चिठ्ठ्या कशाला लिहायच्या यंत्रात? त्या चिठ्ठ्यांनीच यंत्र बिघडलं. दीड वर्षाचं काम होतं माझं!"

"बाई, आवाज जरा कमी," वामनराव म्हणाले. "वाचनालय आहे."

"मी वाचनालयातच पस्तीस वर्षं बोलल्यासारखी बोलणार! यांच्याकडची वाचनालयाची किल्ली आधी परत घ्या."

खरं तर पस्तीस वर्षं मी शाळेत बोलले होते, पण रागात इमारत बदलली. कोणी हसलंही नाही. यासीनभाई टेबलापलीकडे मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, दुखावूनही नाही. खुनी माहीत असलेला वाचक मधल्या पानाकडे पाहतो तसं. मग खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "व्हय, मशीनची जबाबदारी माजीच हुती. दोन दिवस द्या." बास. गेले. मी घरी येऊन रात्रीचा भात करपवला.

तिसऱ्या दिवशी ते नवी डिस्क घेऊन आले. यंत्र सुरू झालं, मी नाव टाकलं, आणि यादी उघडली. सगळी. मामा, इंदू, तो पुस्तकचोर... फक्त शेवटच्या दिवशीच्या अकरा ओळी नव्हत्या, आणि ती पुस्तकं अजून टेबलावरच पडलेली होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्यापडल्या उर्मट झाला. म्हणजे ती काळी खिडकी काहीच करत नव्हती! उगाच बाऊ. मी त्यांना काय म्हणाले असेन? 'आभारी आहे'? छे. म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." आणि किल्ली परत दिली, जशी काही मी बक्षीस देत होते. त्यांनी ती घेतली, खिशात टाकली आणि विचारलं, "नवीन रहस्यकथा आलीया का काही?"

पुढची चौदा-पंधरा वर्षं आमची मैत्री त्याच टेबलाशी पिकली. ते ईदला शिरखुर्मा आणायचे, मी दिवाळीला चकल्या न्यायचे. हमीदाभाभी माझ्या चकल्यांना 'दाताची परीक्षा' म्हणायच्या. यंत्र दोनदा बदललं, चिठ्ठ्या त्यांनी दर वेळी नव्या घरात नेल्या. आणि खिडकी येतच राहिली. मी फुली दाबतच राहिले. कधी ते शेजारीच बसलेले असायचे, तरी एक शब्द नाही. मला वाटायचं, चला, माझं म्हणणं पटलं यांना.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी शबाना आली. ती लोणावळ्याला एका हॉटेलात कॉम्प्युटरचं काम बघते. वडिलांनी ठरवलेलं नवं यंत्र बसवायला सुट्टी काढून आली होती. खरं सांगायचं तर मी धास्तावले होते. यासीनभाई नाहीत, आता हे सगळं दुसऱ्या घरात नेताना ती यादी मधेच कुठे सांडली तर? शबाना म्हणाली, "आजी, आधी अब्बांच्या चिठ्ठ्या वाचून बघू. कुठलं काय करतं ते कळलं पाहिजे." तिने माझ्या नावाची चिठ्ठी उघडली. वाचता वाचता थांबली. पुन्हा वरून वाचली.

"आजी, ही काळी खिडकी आहे ना... ही काहीच करत नाही."

"मी कधीपासून तेच म्हणतेय!"

"नाही, म्हणजे तिला तेवढंच काम दिलंय. दहा सेकंद नुसती अक्षरं पळवायची आणि जायचं. यादी खरोखर दुसऱ्या डिस्कवर उतरवणारी चिठ्ठी वेगळीच आहे. ती पडद्यावर दिसतच नाही."

मी म्हटलं, असं कशाला कोणी करील? तिने बोट ठेवून एक ओळ दाखवली. चिठ्ठीत काही ओळी यंत्रासाठी नसतात. त्यांच्यापुढे एक खूण केली की यंत्र त्या ओलांडून पुढे जातं. त्या पुढे कधीतरी चिठ्ठी उघडणाऱ्या माणसासाठी असतात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. मी चष्मा पुसून एकेक अक्षर लावलं. 'बाई फुली दाबतात. दाबू द्यावी. बोलू नये.'

खाली तारीख होती. यंत्र बंद पडण्याच्या जवळजवळ वर्षभर आधीची.

म्हणजे त्या बैठकीत मी किंचाळत होते तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. माझी फुली माहीत होती, यादी सुरक्षित आहे हे माहीत होतं, आणि मी का ओरडतेय तेही कळलेलं असणार. एक वाक्य बोलले असते तर सगळ्या समितीसमोर माझं नाक कापलं गेलं असतं. ते किल्ली ठेवून निघून गेले. मी शबानाला सगळं सांगून टाकलं. ती आधी खूप हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "मला घरी म्हणायचे अब्बा, बाईंना चूक दावली तर त्या दुसऱ्या दिवसापासून मशीनला हात लावनार न्हाईत. जन्मभर शिकवनारं मानूस हाय, चूक सहन व्हत न्हाई." आणि खरं आहे ते. नसताच लावला.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा माझा आरोप मागे घेतला, कारणासकट. इतिवृत्तात लिहायला लावलं. वामनराव आता ब्याऐंशीचे. ते म्हणाले, "फुलीचं होय? ते आम्ही सगळेच बघायचो. यासीनभाईंनी दम दिला होता, बाईंना कोणी बोलायचं नाही." घ्या! पाच माणसं आणि एक यंत्र मिळून मला सांभाळत होती, आणि मी वाचनालय सांभाळतेय म्हणून सगळीकडे मिरवत होते.

यादी नव्या यंत्रात नीट पोहोचली. शबानाने जाताना मला चिठ्ठीत एखादी ओळ कशी घालायची ते शिकवलं. "कोणी नवीन आलं तर तुम्हीच लिहा आता," म्हणाली. नवीन आल्या त्या पारूबाई. लोहगडवाडीला गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी विकण्यात उभा जन्म गेला, आता मुलाकडे तळेगावात राहायला आल्यात. त्यांना गडाचे फोटो बघायचे असतात, म्हणून त्यांचं नाव टाकलं की लोहगड आपोआप उघडेल अशी पहिली ओळ मी लिहिली. पारूबाई तासभर बघतात, आणि उठताना यंत्र बंद न करता तसंच ठेवून आपल्या खांद्यावरची शाल पडद्यावर आणि खालच्या खोक्यावर व्यवस्थित पांघरतात. परवा मी जागच्या जागी ताठ झाले. खोक्याची हवा कोंडणार, यंत्र तापणार! तोंड उघडलंच होतं. पारूबाई शालीचं टोक खोचत मला म्हणाल्या, "दिसभर राबतंय बिचारं. घटकाभर निजू द्या."

मी तोंड मिटलं. आठवडाभर कपाटाशी उभी राहून, पुस्तक चाळत, त्या कधी उठतात, शाल किती वेळ राहते ते बघितलं. मग शबानाला फोन करून, अडत अडत, त्यांच्या चिठ्ठीत ओळ घातली, की पाच मिनिटं कोणी हात लावला नाही तर यंत्राने आपलं आपण बंद व्हावं. आणि तिच्यावर एक ओळ लिहिली, खूण करून, यंत्राने ओलांडायची.

'पारूबाई पांघरूण घालतात. घालू द्यावं. बोलू नये.'